व्हॉक्सहॉलची रात्र

न्यूयॉर्क शहरांत, हडसन नदीजवळच्या जुन्या गोदामांच्या वस्तींत, २०११ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत एक चमत्कारिक नाट्यप्रयोग चालू होता. प्रेक्षकांस बसावयास तेथें खुर्ची नव्हती. दारांतून आंत जावें, जुन्या काळच्या थाटानें सजविलेल्या मद्यगृहांत एखादा पेला घ्यावा, पांढरा मुखवटा चढवावा, आणि मग 'मॅकबेथ'च्या कथेंतील राजे, राण्या आणि चेटकिणी यांच्या मागोमाग अंधाऱ्या जिन्यांवरून व खोल्याखोल्यांतून वाटेल तसें हिंडावें, अशी ती योजना होती. प्रेक्षकानें बोलावयाचें मात्र नाहीं. या प्रयोगाचें नांव 'स्लीप नो मोअर'. तो रचणारी मंडळी लंडनची, पंचड्रंक या नांवाची, २००० सालीं स्थापन झालेली. रंगभूमीचें नवें युग म्हणून पुष्कळांनीं त्याचा गौरव केला. नवेपणा त्यांत होताच. परंतु तिकीट काढून आलेल्या माणसानेंच खेळांत शिरावें, तोंडावर मुखवटा आणि हातांत पेला असावा, आणि आपण कोठें आहों याचा त्याला घटकाभर विसर पडावा, ही युक्ति लंडनला पावणेतीनशें वर्षांपूर्वींच साधली होती. तिचें माहेरघर म्हणजे व्हॉक्सहॉलची बाग.

टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील ही बाग १६६० च्या सुमारास लोकांस खुली झाली. त्या वेळीं तिला न्यू स्प्रिंग गार्डन म्हणत. सॅम्युएल पेपीस याच्या प्रसिद्ध रोजनिशींत तिचा उल्लेख वारंवार येतो. दाट झाडी, पक्ष्यांचे आवाज, कोठें एखादा सारंगीवाला आणि थोडेंफार खाणेंपिणें, एवढाच तिचा बडेजाव होता. पुढें तिची कीर्ति कांहींशी डागाळली. १७१२ मध्यें अ‍ॅडिसननें आपल्या 'स्पेक्टेटर' पत्रांत सर रॉजर या भोळ्या खेडवळ सरदाराची तेथील फेरी रंगविली आहे. गाणारे पक्षी थोडे आणि बाजारबसव्या फार, असें त्या सद्गृहस्थास वाटलें. अशा स्थितींत १७२९ सालीं जोनाथन टायर्स या तरुण गृहस्थानें बागेचा पट्टा घेतला. घराण्याचा धंदा कातड्याचा. परंतु माणसाला काय पाहावेंसें वाटतें हें या कातडेवाल्यास नाटकवाल्यांहून अधिक कळत होतें.

७ जून १७३२ च्या रात्रीं त्यानें एक मोठा मेळा भरविला. इटालियन रीतीप्रमाणें त्यास 'रिडोट्टो अल फ्रेस्को' असें नांव दिलें. म्हणजे मोकळ्या हवेंतील मुखवट्यांचा जलसा. प्रवेशास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. युवराज फ्रेडरिक स्वतः आला. सुमारें चारशें पाहुणे मुखवटे आणि पायघोळ झगे घालून झाडांखालीं फिरले, आणि सभ्य लोकांच्या या करमणुकीच्या रक्षणासाठीं शंभर शिपाई उभे करावे लागले! चित्रकार होगार्थ हा टायर्सचा स्नेही व सल्लागार. त्याला पुढें बागेंत कायमच्या मुक्त प्रवेशाची सोन्याची मुद्रा मिळाली.

परंतु एक गिनीच्या तिकिटावर बाग चालत नाहीं. टायर्सची खरी हुशारी पुढच्या चार वर्षांत दिसून आली. १७३६ पासून त्यानें दर एक शिलिंग ठेवला आणि तो १७९२ पर्यंत तसाच राहिला. एक शिलिंग म्हणजे लंडनच्या साध्या मजुराची सुमारें अर्ध्या दिवसाची मजुरी. ती कारकुनाला, दुकानदाराला, शिकाऊ कारागिराला वर्षांतून एकदोनदां परवडे. सरदाराला तर तिचें कांहींच नव्हे. गणवेशांतील नोकरांस मात्र मज्जाव असे. त्यामुळें जो कोणी आंत येई तो निदान त्या रात्रीपुरता कोणाचा चाकर नसे. मुखवट्यांची आतां गरज उरली नाहीं. चांगला कोट घातलेला शिंप्याचा मुलगा उमरावाच्या मुलाशेजारून चाले, आणि दिव्यांच्या उजेडांत कोण कोणाचा हें ओळखणें सोपें नसे.

तेथें जाण्यांतच अर्धी मौज होती. १७५० मध्यें वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत बहुतेक मंडळी होडीनें येत. मावळतीच्या वेळीं नदी ओलांडावी, काठावरच्या एका साध्या घरांतून अंधाऱ्या बोळानें आंत शिरावें, आणि एकदम समोर रांगेनें लावलेलीं उंच झाडें, मध्यें वादकांचा मंडप आणि कानांवर येणारें संगीत! बोळ मुद्दाम अंधारा ठेवलेला असावा असें वाटल्यावांचून राहत नाहीं. पुढें काळोख दाटला कीं शिटी वाजे, ठिकठिकाणीं उभे असलेले नोकर वातींना बत्ती लावीत, आणि झाडाझाडांतून टांगलेले शेंकडों दिवे जवळजवळ एकाच क्षणीं पेटत. विजेच्या युगांतल्या माणसास या क्षणाचें मोल कळणें कठीण आहे. ज्या काळीं घरांत एकदोन मेणबत्त्यांवर रात्र काढीत, त्या काळीं हा प्रकार पाहून लोक आश्चर्यानें ओरडत, यांत नवल तें काय?

ही सारी बाग म्हणजेच एक रंगभूमि होती. लांब वाटांच्या टोकांस कमानी उभ्या केल्या होत्या. एका वाटेच्या शेवटीं पामिराच्या प्राचीन भग्नावशेषांचें भव्य दृश्य दिसे, आणि जवळ गेल्यावर कळे कीं, तो रंगविलेला कापडाचा पडदा आहे. रात्रीं नऊच्या सुमारास घंटा वाजे. मग सारे लोक एका बाजूस धांवत. तेथें पडदा सरे आणि चक्की, पूल व कोसळता धबधबा असा देखावा कांहीं मिनिटें चाले. धबधब्याचें पाणी म्हणजे दिव्यांच्या उजेडांत फिरणारा पत्रा. भोवतालीं जेवणासाठीं एका बाजूनें उघडे असे कोनाडे होते. त्यांच्या मागच्या भिंतींवर फ्रान्सिस हेमन आणि त्याचे सहकारी यांनीं १७४० नंतर मोठमोठीं चित्रें काढलीं. विषय अगदीं घरगुती : मुलांचे झोके, पत्त्यांचीं घरें, खेड्यांतले नाच. श्रीमंतांच्या घराबाहेर सामान्य इंग्रज माणसानें आपल्या देशांतील चित्रकारांचीं चित्रें मोठ्या संख्येनें पाहिलीं तीं बहुधा येथेंच. रूबियाक या शिल्पकारानें घडविलेला संगीतकार हॅंडेलचा संगमरवरी पुतळा १७३८ मध्यें बागेंत बसविला गेला. राजा नव्हे, सेनापति नव्हे, आणि मेलेलाही नव्हे. जिवंत गवयाचा पुतळा सार्वजनिक जागीं उभारावा हें त्या काळीं अपूर्व होतें. अकरा वर्षांनीं, २१ एप्रिल १७४९ रोजीं, त्याच हॅंडेलच्या शाही दारूकामाच्या संगीताची तालीम या बागेंत झाली. वर्तमानपत्रांनीं गर्दी १२,००० हून अधिक सांगितली. आकडा फुगविलेला असेलही, पण लंडन शहराच्या मध्यभागीं नदीवर तेव्हां लंडन ब्रिज हा एकच पूल होता आणि तो गाड्यांनीं तीन तास तुंबला, एवढें प्रसिद्ध आहे.

१७५० च्या जूनमधील एका रात्रीची हकीकत होरेस वॉलपोलच्या पत्रांत आहे. लेडी कॅरोलाइन पीटरशॅम ही बाई आपल्या मंडळींसह एका कोनाड्यांत बसली, सात कोंबड्यांचें मांस बारीक चिरवून तिनें चिनी भांड्यांत घातलें, आणि लोणी व पाणी टाकून दिव्यावर स्वतः शिजविलें. हा थाट पाहण्यासाठीं अकरा वाजल्यापासून दीडपर्यंत सारी बाग त्या कोनाड्याभोंवतीं लोटली होती. सरदारणीनें आचाऱ्याचें सोंग घेतलें आणि शिलिंग देऊन आलेल्या लोकांनीं तें फुकट पाहिलें! ज्याला आज प्रेक्षकांचा सहभाग म्हणतात त्याचा याहून उत्तम मासला दुसरा सांपडावयाचा नाहीं.

जेवण मात्र प्रसिद्ध होतें तें त्याच्या तुटपुंजेपणाबद्दल. डुकराच्या खारविलेल्या मांसाचे काप इतके पातळ कीं, हुशार कापणारा एका तंगडीच्या तुकड्यांनीं सारी दहाबारा एकरांची बाग झांकून टाकील, असा विनोद लंडनभर होता. आणि त्या बशीस प्रवेशाइतकाच एक शिलिंग पडे. लोक ती तक्रार करीत आणि पुन्हां येत. त्यांना ओढी ती दुसरी वस्तु, अरॅकचें 'पंच'.

येथें ही लंडनची गोष्ट आपल्या किनाऱ्याला येऊन लागते. अरॅक म्हणजे पूर्वेकडून आलेली दारू; बटाव्याची एक, आणि माडाच्या रसापासून ऊर्ध्वपातनानें काढलेली गोव्याची दुसरी. गोव्याच्या अरॅकला इंग्लंडांत चांगला भाव होता. पंच हा शब्दही इकडचाच असल्याचें पुष्कळ मानतात. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ मध्यें मुंबईस आला. ज्याला पुढें जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्यानें औषधोपचारासाठीं बोलावून नेलें तोच हा. त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवलें कीं, पांच जिनसांवरून या पेयास हें हिंदी नांव पडलें. अरॅक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, हे ते पांच जिन्नस. शब्दपंडितांत या व्युत्पत्तीविषयीं एकमत नाहीं. तरी इंग्रजांनीं हें पेय हिंदुस्थानच्या वखारींत शिकून स्वदेशीं नेलें, याविषयीं फारसा वाद नाहीं. कोंकणांतल्या माडाचा रस अशा रीतीनें टेम्सकांठच्या दिव्यांखालीं चिनी वाडग्यांत जाऊन पडला. अरॅक महागडी असल्यामुळें तिचीही नक्कल निघाली. १८१७ मध्यें डॉक्टर किचिनर यानें आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत साध्या रममध्यें ऊदाचें सत्त्व विरघळवून व्हॉक्सहॉलचा तो सुगंध आणण्याची कृति दिली. जेथें धबधबा पत्र्याचा आणि पामिरा कापडाचें, तेथें गोव्यानेंच अस्सल कां राहावें? थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर' कादंबरींत जॉस सेडली हा कंपनी सरकारचा लठ्ठ कलेक्टर याच पंचानें झिंगतो, दुसऱ्या दिवशीं मागणी घालावयाची ती राहून जाते, आणि पुढची सारी कथा त्यामुळें घडते.

या मौजेची एक काळी बाजू होती, आणि ती विनोदावारीं नेण्यासारखी नाहीं. बागेच्या एका अंगास कांहीं वाटांवर दिवे लावीत नसत. प्रेमिकांना त्या आवडत. परंतु टोळक्यांनीं हिंडणाऱ्या दारूबाज तरुणांनाही त्या आवडत. फॅनी बर्नीच्या १७७८ च्या 'एव्हलिना' कादंबरींत नायिका चुलत बहिणींच्या नादानें अशा वाटेवर जाते आणि दांडग्या पुरुषांच्या घेऱ्यांत सांपडते. हा प्रसंग वाचणाऱ्या स्त्रियांस त्यांत कल्पित असें फारसें वाटलें नसावें. १७६४ च्या सुमारास अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून त्या वाटांना कठडे घातले, तर उनाड तरुणांनीं ते उपटून टाकले. बागेंत सर्वांनीं आपली ओळख दारापाशीं ठेवून यावें हा टायर्सचा करार सुंदर होता; पण ओळख ठेवल्यावर कांहींजण लाजही तेथेंच ठेवून येत, आणि त्याची किंमत स्त्रियांस द्यावी लागे. न्यूयॉर्कच्या प्रयोगांतही हा प्रश्न सुटला नाहीं. मुखवट्याआडच्या प्रेक्षकांकडून अंगलट झाल्याच्या तक्रारी तेथील कांहीं नटनटींनीं केल्या आणि २०१८ मध्यें त्या छापून आल्या.

टायर्स १७६७ मध्यें वारला. त्यानंतरचीं नव्वद वर्षें म्हणजे अधिकाधिक मोठ्या आवाजाचा इतिहास आहे. १८१६ मध्यें मादाम साकी ही फ्रेंच बाई दारूकामाच्या ठिणग्यांतून उंच दोरावरून उतरली. १८२७ मध्यें सुमारें हजार शिपायांनीं वॉटर्लूची लढाई पुन्हां लढून दाखविली. १८३६ च्या नोव्हेंबरांत चार्ल्स ग्रीन दोन सोबत्यांसह येथून विमानांत, म्हणजे हवेच्या फुग्यांत, बसला आणि अठरा तासांनीं जर्मनींतील नासाउ प्रांतांत उतरला. पुढच्याच जुलैंत त्याच फुग्याखालीं आपली छत्री बांधून रॉबर्ट कॉकिंग हा साठी उलटलेला गृहस्थ वर गेला. छत्री मोडली आणि तो मेला. कीर्तीचा पडसाद दूरवर पोंचला होता. रशियांत पाव्हलोव्स्क येथें आगगाडीच्या शेवटच्या थांब्यावर जो संगीतमंडप झाला त्याला याच बागेचें नांव मिळालें, आणि 'वोकझाल' हा शब्द आजही रशियन भाषेंत मोठ्या रेल्वेस्थानकाचा वाचक आहे.

शेवटीं मालकांनीं पैशांच्या ओढीनें बाग दिवसाउजेडीं उघडली. तरुण डिकन्सनें तिची ती दुपारची शोभा पाहून १८३६ मध्यें छापलेल्या 'बॉझ'च्या शब्दचित्रांत तिची थट्टा केली. उन्हांत पाहिलेले ते मंडप म्हणजे रंगाचे पोपडे आलेल्या फळ्या. १८४० मध्यें दिवाळें निघालें, पुढच्या वर्षीं बाग पुन्हां उघडली, आणि २५ जुलै १८५९ च्या रात्रीं दिवे अखेरचे लावले गेले. जमीन घरांसाठीं गेली. तेथील एका रस्त्याला टायर्सचें नांव राहिलें.

हॅंडेलचा पुतळा अनेक हातांतून फिरत फिरत शेवटीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आला. हातांत देवांची वीणा, अंगावर घरगुती सैल झगा, डोक्यावर टोपडें, आणि पायांतली एक सपात अर्धवट निसटलेली. जणू मेजवानीहून परत आलेला गृहस्थ झोंपण्यापूर्वीं घटकाभर गात बसला आहे.