यंत्राला उत्तर कोण दाखवणार?

आज बोलायचं आहे वाऱ्याविषयी, पण सुरुवात उत्तर दिशेपासून करू.

समजा, इथे मोलगीत सॉनिक ॲनिमोमीटर बसवायचा आहे. त्यात फिरत्या वाट्या नाहीत, वातकुक्कुटही नाही. समोरासमोरच्या टोकांमध्ये ध्वनी जायला-यायला किती वेळ लागतो, त्यावरून तो वारा मोजतो. वाऱ्याबरोबर जाणारा ध्वनी लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा उशिरा. पण उत्तर कुठे, हे यंत्राला ठाऊक नसतं. त्याच्या अंगावर एक खूण असते, ती खऱ्या उत्तरेकडे करणं हे माणसाचं काम. खूण २० अंश चुकली, तर वाऱ्याच्या दिशेची प्रत्येक नोंद २० अंश चुकणार.

मग उत्तर काढायची कशी? होकायंत्राने, असं आपण पटकन म्हणतो. इथे मुंबईची एक गोष्ट सांगतो. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं दिसू लागलं. त्या विजेने मोजणी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला, लोखंड टाळून, नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी म्हणून. ट्राम विजेवर धावली ती १९०७ साली!

आपल्यासाठी बोध साधा आहे. होकायंत्र लोखंडी खांबाला लावून धरू नका, चार पावलं लांब जा. महाराष्ट्रात आज चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे. फसवतो तो आपलाच खांब.

दुसरी वाट फार जुनी, कात्यायनाच्या शुल्बसूत्रातली. सपाट जमिनीवर खुंटी रोवा, भोवती वर्तुळ काढा. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला टेकतं, ते दोन बिंदू जोडा. झाली पूर्व-पश्चिम रेषा. घड्याळात १२ वाजले म्हणून सावली पाहू नका. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, मोलगी ७४ च्या आसपास. इथला मध्यान्ह सरासरी ३४ मिनिटं उशिरा होतो.

आणखी एक गंमत. मोलगी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये मध्यान्हीची इवलीशी सावली उत्तरेला नव्हे, दक्षिणेला पडते. तिलाच उत्तर मानलं, तर पाऊस आणणारा नैर्ऋत्येचा वारा वहीत ईशान्येचा होईल.

काल वाहून गेलेला वारा पुन्हा मोजता येत नाही. म्हणून उत्तर कशी काढली, कोणत्या दिवशी, यंत्राची खूण कुठल्या डोंगरमाथ्याच्या रेषेत होती, हे लिहून ठेवा. उद्या चूक सापडली, तर त्या एका ओळीच्या आधारे सगळी वर्षं दुरुस्त करता येतील. ती ओळ नसेल, तर पुढच्यांच्या हाती नुसते आकडे राहतील.