संध्याकाळची सोबत

'अबाइड विथ मी' (माझ्यासोबत राहा) ही ख्रिस्ती प्रार्थना ब्रिटिश साम्राज्याची निशाणी आहे, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. ती लिहिणारे हेन्री फ्रान्सिस लाइट हे ना सेनापती होते, ना सरकारी अंमलदार. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर ब्रिक्सम नावाचं मच्छीमारांचं बंदर आहे, तिथल्या चर्चचे ते धर्मगुरू. कोळ्यांच्या पोराबाळांना शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि पुढे क्षयाने गाठलं. सप्टेंबर 1847 मध्ये कसंबसं उभं राहून त्यांनी शेवटचं प्रवचन केलं. त्याच संध्याकाळी हे गीत त्यांनी घरच्यांच्या हाती दिलं, असं त्यांच्या मुलीने लिहून ठेवलं आहे. हवापालटासाठी ते दक्षिणेला निघाले आणि नोव्हेंबरात नीसला वारले. कबरही तिथेच आहे.

गीताचं मूळ लूकच्या शुभवर्तमानात आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो. दिवस कलतो, तेव्हा ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात. तो भाकरी मोडतो आणि त्यांना ओळख पटते: हा तर येशू! मरणाच्या दारातल्या माणसाने हाच आग्रह स्वतःसाठी धरला.

आज सगळीकडे ऐकू येते ती चाल विल्यम हेन्री मंक यांची, 1861 सालची. लष्करी बँडमध्ये मी ती युफोनियमवर वाजवली आहे. गंधारावरून सूर पायरी पायरीने षड्जावर उतरतो, वाटतं आता संपलं. तोच तो एकदम पंचमावर चढतो. तिथे दम राखून ठेवावा लागतो. घाईने फुंकलं की सूर फाटतो. सगळ्या गीताचा जीव त्या चढण्यात आहे.

गांधीजींना ही प्रार्थना फार प्रिय. 29 जानेवारीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी, दिल्लीच्या विजय चौकात प्रजासत्ताक दिन सोहळ्याची सांगता करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये ती वाजायची. बँडला दुरून घंटा साथ द्यायच्या. 2022 मध्ये ती वगळून 'ऐ मेरे वतन के लोगों' घेतलं. त्याची चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, तिचा मला अभिमानच आहे. पण एका गाण्याला जागा देण्यासाठी दुसरं काढायची गरज नव्हती. दोन्ही वाजवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ही प्रार्थना विजय चौकात परत यायला हवी.