सारंगात गंधार कुठून आणायचा?

सिनेमाच्या स्टुडिओंनी गोव्याच्या वादकांचं पोट भरलं, पण त्यांच्यातला संगीतकार मारला, असं सर्रास म्हटलं जातं. अँथनी गोन्साल्विस यांची वाटचाल पाहिली की हे मत जेमतेम निम्मंच टिकतं. 1927 साली साष्टीतल्या माजोर्ड्यात जन्मलेले गोन्साल्विस किशोरवयात मुंबईला आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे अरेंजर झाले. हे काम वरवर कारकुनी वाटतं: संगीत दिग्दर्शकाने पेटीवर चाल ऐकवायची, अरेंजरने ती नोटेशनमध्ये उतरवून व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेटचे कागद वेगवेगळे लिहायचे. पण चाल रागातली असली की पंचाईत होते. वृंदावनी सारंगच घ्या. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य, आणि षड्जावरची साधी कॉर्ड मात्र सा-ग-प. गंधार ठेवावा तर सारंग गेला, गाळावा तर कॉर्ड पोकळ. रेकॉर्डिंगच्या घाईत यावर तात्पुरती मलमपट्टी चालते. प्रश्न सोडवायचा तर पुन्हा अभ्यासालाच बसावं लागतं.

यावर कोणी म्हणेल की हे शिक्षण मुळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांचं, त्यात सिनेमाचं काय? नोटेशन आणि व्हायोलिन तिथलं, हे खरंच. पण त्या शाळांत राग नव्हता आणि उस्तादांच्या तालमीत चेलो नव्हता. दोघांना रोज एकाच माइकसमोर उभं केलं ते सिनेमाने, तेही केवळ धंद्याच्या गरजेपोटी! गोन्साल्विस यांनी त्या गरजेतून स्वतःचं काम उभारलं. 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांच्या इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राने रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्यांच्या एका रचनेचं नाव ‘कॉन्सर्टो इन राग सारंग’. ज्या रागात कॉर्डची अडचण सगळ्यात ठळक, तोच त्यांनी हाताळला, हे मला बोलकं वाटतं. 1965 मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, तेव्हा मुंबईत त्यांचं नाव झालेलं होतं.

सिनेमा इतका पोषक होता तर तो सोडावा का लागला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला माझं उत्तर असं की सिनेमा प्रश्न देतो, सवड देत नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात प्रयोगाला जागा मिळते ती प्रील्यूड-इंटरल्यूडपुरती. तो वाद्यवृंद टिकला नाही, परतल्यावर गोन्साल्विस गोव्यात अलिप्त राहिले, म्हणून सारी खटपट वाया गेली असंही म्हणतात. पण त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांतांसोबत पुढे शेकडो चित्रपटांना संगीत दिलं, आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका गाण्यात गुरूंचं नाव घातलं. ते गाणं देशाला पाठ आहे. सारंगमधला तो कॉन्सर्टो मात्र एखाद्या वाद्यवृंदाने आता पुन्हा वाजवायला हवा.