दिवाळीनंतर शाळेत आलेल्या मुलाला वर्ग आपला वाटतो का? ऊसतोड मजुरांची मुलं आणि शाळेचं वातावरण

लोणी भापकर म्हटलं की मल्लिकार्जुन मंदिर, तिथली पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती आठवते. गाव बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं. पण याच तालुक्यात नीरा डाव्या कालव्याखाली उसाचे फड आहेत, सोमेश्वर आणि माळेगावसारखे कारखाने आहेत, शेजारच्या इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती कारखाना आहे. दिवाळीच्या आसपास इथे बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. सोबतच्या मुलांचा हिशोब मात्र कुणीच मांडत नाही.

शाळा जूनमध्ये सुरू झालेली असते. बाकं ठरलेली, जोड्या जमलेल्या. अशा वर्गात नोव्हेंबरमध्ये एक मुलगा येऊन उभा राहतो. त्याला कुठे बसवलं जातं, कोणत्या नावाने हाक मारली जाते, यावर तो दुसऱ्या दिवशी येणार की नाही हे ठरतं. 'शाळेचं वातावरण' हा शब्द जड वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच.

दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकते का?

नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही, वयाचा पुरावा नसला तरी अडवता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला वेगळी मदत द्यायची. कलम 9 मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्पष्ट शब्दांत स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. राज्यात अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही दिलं जातं. मूळ गावच्या शाळेने ते दिलं असेल, तर इथलं काम सोपं होतं.

प्रवेश मिळाला, पुढे काय?

खरी अडचण इथून सुरू होते. मुलाच्या बोलण्याचा हेल वेगळा. बंजारा कुटुंबातला असेल तर घरात गोरमाटी. वर्ग हसतो. 'टोळीवाल्याचं पोर' ही ओळख चिकटते. कलम 17 ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी घातली आहे, आणि वंचित गटांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहणं सरकारचं कर्तव्य आहे. पण मधल्या सुट्टीतली टिंगल कायद्याला ऐकू येत नाही. ती शिक्षकाला ऐकू येते.

त्यामुळे उपाय साधेच असतात. हजेरीत पूर्ण नाव घ्यायचं. जुन्या मुलांपैकी एकाला पहिले आठ दिवस जोडीदार करायचं. पोषण आहाराच्या पंगतीत नवी मुलं वेगळी बसणार नाहीत हे पाहायचं. बैलगाडी हाकणं, वाढं बांधणं यातलं त्या मुलाला जे येतं, त्याबद्दल वर्गात बोलायला लावायचं.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. आई पहाटे फडात गेली की धाकटं भावंडं सांभाळायचं काम थोरलीकडे येतं. तिला 'गैरहजर' लिहून काही साधत नाही. धाकट्याची अंगणवाडीत सोय झाली, तरच ती वर्गात बसू शकते. कोपीपासून शाळा लांब असेल तर तेही जमत नाही. सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात 'कोपीवरची शाळा' उभी राहिली ती याच गरजेतून: मूल शाळेपर्यंत पोचत नसेल, तर शिकवणाऱ्याने तळावर जायचं.

तक्रार कुठे करायची?

आधी मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. गंमत अशी, की वंचित गटांतल्या पालकांना तिथे प्रतिनिधित्व द्या असं कायदा सांगतो, पण पाच-सहा महिन्यांसाठी आलेल्या पालकाला त्या बैठकीचा पत्ताही नसतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी राज्य सरकारने मार्च 2022 मध्ये शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायला सांगितलं आहे. तातडीच्या वेळी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

आणि पट्टा पडल्यावर?

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर टोळ्या परत निघतात. त्या आधी इथल्या शाळेने हजेरी आणि झालेल्या अभ्यासाची नोंद पालकांच्या हातात द्यायला हवी. नाहीतर गावच्या शाळेत तेच मूल पुन्हा 'सहा महिने गायब' ठरतं.