सावंतवाडीचा गंजिफा
गंजिफा : हाताने रंगविलेल्या, बहुधा वर्तुळाकार पानांनी खेळावयाचा एक भारतीय बैठा खेळ व त्यासाठी लागणारा पानांचा संच. महाराष्ट्रात त्याचे प्रमुख केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे होय.

‘गंजिफा’ हा शब्द फार्सीतून आला. भारतातील या खेळाचा पहिला निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आढळतो. त्याने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्यात आहे. आईन-इ-अकबरी या ग्रंथात अबुल फज्लने अश्वपती, गजपती, नरपती इ. बारा रंगांच्या जुन्या खेळाचे वर्णन केले असून अकबराने त्यात केलेले फेरफारही नोंदविले आहेत. यावरून खेळाची चौकट कायम ठेवून चिन्हे व दर्जे बदलण्याची प्रथा जुनी असल्याचे दिसते. गंजिफाचा कोणी एकच निर्माता सांगता येत नाही. निरनिराळ्या दरबारांनी व कारागिरांनी तो आपापल्या परीने घडविला.

मोगल परंपरेतील प्रचलित संच आठ रंगांचा व ९६ पानांचा असे. हिंदू परंपरेत या रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि १२० पानांचा दशावतारी गंजिफा तयार झाला. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने अशी बारा पाने असतात. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू, कल्कीची तलवार अशा चिन्हांनी रंग ओळखले जातात. महाराष्ट्रातील काही संचांत नवव्या अवताराच्या स्थानी विठ्ठल आढळतो. निम्म्या रंगांत दहाचे अंकपान श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एकाचे श्रेष्ठ मानतात. खेळात हुकूम नसतो. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने व रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल त्याने डाव सुरू करावयाचा, असा संकेत आहे.

सावंतवाडीत ही कला सावंत-भोसले घराण्याच्या आश्रयाने वाढली. कापडाचे अगर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून व गोल कापून पाने तयार करीत. त्यांवर चितारी कारागीर चित्रे काढून लाखेचा लेप देत. एक संच पुरा करण्यास बराच काळ लागे. स्वस्त, छापील विलायती पत्ते सर्वत्र मिळू लागल्यावर गंजिफाची मागणी घटली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जाणणारे मोजकेच वृद्ध कारागीर उरले.

या अवस्थेत संस्थानाचे वारस शिवरामराजे भोसले (१९२७–९५) व त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी (मृत्यू २०१८) यांनी पुनरुज्जीवनाचे कार्य हाती घेतले. सत्त्वशीलादेवी स्वतः चित्रकलेत निपुण होत्या. त्यांनी जुन्या कारागिरांकडून तंत्र समजावून घेतले, तरुणांना शिकविले आणि राजवाड्याच्या दरबार सभागृहात कार्यशाळा चालविली. दशावतारी संचाबरोबरच नवग्रह (१०८ पाने) व राशी (१४४ पाने) हे संचही तेथे तयार होऊ लागले. बावन्न पानांचे आधुनिक पत्तेही गंजिफाच्या शैलीत रंगविण्यात आले. ही तडजोड महत्त्वाची ठरली. कारण खेळाडू नसतानाही संग्राहक व पर्यटक यांच्याकडून कारागिरांना काम मिळत राहिले.

मात्र या यशाला एक मर्यादाही आहे. चित्रे व तंत्र टिकले, तरी खेळ त्याच प्रमाणात परतला नाही. पानांच्या दर्जांचा उलटसुलट क्रम, पडलेली पाने स्मरणात ठेवण्याचे कौशल्य आणि डावाचे संकेत ही परंपरा खेळूनच पुढे जाते. चित्रावरून ती कळत नाही. संग्रहालयांत व दिवाणखान्यांत जपलेला संच कलाकृती म्हणून मोलाचा असला, तरी त्याची रचना हाती घेऊन खेळण्यासाठीच झालेली आहे.