सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (नोएडा)

प्रत्येक फैरीपूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारे हातशस्त्र. १८७३ चे कोल्ट हा त्याचा प्रसिद्ध नमुना. अपघात टळावा म्हणून त्यात घोड्याखालचे सहावे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरतात. नोएडात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू असून परवान्याविना ते बाळगणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची कमाल शस्त्रसंख्या ३ वरून २ केली आणि जीव धोक्यात घालणाऱ्या हर्षगोळीबारास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठरवले. यामुळे स्वसंरक्षणाचा हक्क आक्रसतो, हा आक्षेप टिकत नाही. परवान्याची वाट खुलीच आहे. वरातीत हवेत झाडलेली गोळी खाली येतेच, आणि ती कोणाला लागेल हे झाडणाऱ्याच्या हाती नसते. म्हणून मालकीपेक्षा शिस्त महत्त्वाची. सराव अधिकृत रेंजवरच व्हावा.