पेटींतला डगला

शिपायाची नोकरी संपते त्या दिवशीं त्याची बंदूक शस्त्रागारांत जमा होते, घोडा असला तर तो तबेल्यांत राहतो, आणि त्याची जागा दुसऱ्या कोणास मिळते. त्याच्याबरोबर घरीं येतो तो अंगावरचा डगला, टोपीवरचा बिल्ला आणि मिळालीं असतील तर पदकें. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूंनीं येऊन जीं कुटुंबें अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झालीं, त्यांतील कित्येकांच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी असते. तींत डांबराच्या गोळ्यांच्या वासांत एक जाड कपडा घडी घालून ठेवलेला असतो. तो कोणी वापरीत नाहीं आणि कोणी टाकीतहि नाहीं. ज्या घरांत बोहारणीला जुनीं लुगडीं देऊन भांडीं घेण्याची चाल होती, त्या घरांतहि हा एक कपडा बोहारणीपुढें कधीं आला नाहीं.

हा कपडा नक्की कोणाचा, सरकारचा कीं शिपायाचा, हा प्रश्न महाराष्ट्रांत बराच जुना आहे. मराठी राज्यांत 'पोषाख' हा शब्द मानाच्या देणगीसाठीं वापरीत. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशव्यांस वस्त्रें येत, पेशव्यांकडून सरदारांस पोषाख मिळे. दिलेला पोषाख हा घेणाऱ्याचा झाला, तो त्यानें जपावा आणि नातवंडांस दाखवावा, अशी ती रीत होती. सैन्यांत मात्र सर्वांनीं एकसारखा कपडा घालावा ही कल्पना रूढ नव्हती. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचीं हत्यारें घेऊन येई. बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. शिलेदाराचा मान अधिक, कारण त्याच्या अंगावर होतें तें त्याचें होतें. इब्राहिमखान गारद्याचें पायदळ आणि पुढें महादजी शिंद्यांसाठीं द बॉयनें तयार केलेले कंपू यांमुळें कवाईत महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. परंतु कवाईत, पगार आणि एकरंगी डगला या तिन्ही गोष्टी खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या आयुष्यांत आणल्या त्या कंपनी सरकारच्या पलटणींनीं.

कंपनीचा डगला लाल होता. तो सरकारांतून मिळे. परंतु इतर बऱ्याच कपड्यांचे पैसे शिपायाच्या पगारांतून कापून घेतले जात. म्हणजे त्याच्या अंगावरचा अर्धा पोषाख त्यानें स्वतः विकत घेतलेला असे. सेवा संपल्यावर तो घरीं नेण्यांत आपण सरकारचें कांहीं उचललें असें त्यास वाटण्याचें कारणच नव्हतें. घोडदळांत तर शिलेदारीची पद्धत इंग्रजांनीं पहिल्या महायुद्धापर्यंत जवळजवळ तशीच चालू ठेवली होती. कपड्याचा हा अभिमान पलटणींच्या नांवांतहि उतरला. मुंबईची पांचवी पलटण, जी पुढें मराठा लाइट इन्फंट्रींत आली, ती आपल्या डगल्यावरील काळ्या पट्ट्यांमुळें 'काळी पांचवी' म्हणून ओळखली गेली. १८४० सालीं बलुचिस्तानांत काहूनच्या किल्ल्यांत कॅप्टन ब्राऊनच्या हाताखालीं तिची एक तुकडी कित्येक महिने वेढ्यांत टिकून राहिली; त्याबद्दल तिला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. लोकांच्या तोंडीं राहिलें तें मात्र डगल्याच्या रंगावरून पडलेलें नांव.

या डगल्यानें ज्याचें आयुष्य सर्वांत अधिक पालटलें तो महार शिपाई. मुंबई इलाख्याच्या पलटणींत आरंभापासून महार मोठ्या संख्येनें होते. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमा नदीच्या कांठीं कोरेगांव येथें लढाई झाली. तेथील स्तंभावर कंपनीच्या बाजूनें पडलेल्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांतील २२ महारांचीं असल्याचें मानलें जातें. अशीं नांवें ओळखण्यास सोपीं आहेत, कारण त्यांच्या शेवटीं 'नाक' हा त्या काळचा प्रत्यय येतो. पेशव्यांविरुद्ध लढलेल्या शिपायाचा अभिमान कसा बाळगावा, असें कित्येक सुशिक्षित विचारतात. तें विचारण्यापूर्वीं पेशव्यांच्या राज्यांत त्याच माणसाच्या वाट्यास काय येत होतें हें पाहणें न्यायाचें होईल.

गांवीं त्यानें काय नेसावें, कोठें बसावें, पाणी कोठून घ्यावें हें दुसरे ठरवीत. छावणींत त्याच्या बाहीवरील फिती त्याची जागा ठरवीत. तो हवालदार झाला तर इतर जातींच्या शिपायांनीं त्याचा हुकूम मानावा आणि सुभेदार झाला तर त्यास सलाम करावा, असा पलटणीचा कायदा होता. सलाम हुद्द्यास असे आणि हुद्दा डगल्यावर दिसे. शिवाय पलटणींत शाळा असे. शिपायांच्या मुलांना, क्वचित् मुलींनाहि, तेथें अक्षरओळख होई. त्या काळच्या महाराष्ट्रांत अस्पृश्य मानलेल्या मुलाला दुसऱ्या कोठल्याहि दारानें ही विद्या इतकी सहज मिळत नव्हती.

या मंडळींचें घर म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं तेथें छावणी घातली. पुढें नियमित फौज हलविली आणि वयस्क शिपायांची एक 'व्हेटरन' पलटण तेथें ठेवली. ती १८५७ पर्यंत होती. ज्याच्यानें लांबची कूच होत नाहीं, पण ज्याला डगला उतरविण्याचीहि इच्छा नाहीं, अशा माणसासाठीं ही सोय उत्तम होती. पलटण मोडली तरी पेन्शनर तेथेंच राहिले, आणि 'कॅम्प दापोली' हें नांवहि राहिलें. येथें वाचतां-लिहितां येणारे, वर्तमानपत्र घेणारे, स्वच्छ राहणारे निवृत्त महार शिपाई एकमेकांच्या शेजारीं नांदत होते. अस्पृश्यांच्या हक्कांची लेखी मागणी ज्यांनीं केली ते गोपाळबाबा वलंगकर याच मंडळींतले. ते महाडजवळच्या रावढळ गांवचे. १८८६ सालीं ते सैन्यांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १८८८ मध्यें त्यांनीं अस्पृश्यतेविरुद्ध प्रश्नांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

आणि नेमक्या याच वेळीं डगला देणाऱ्या हातानेंच तो परत घेतला. लढवय्या जाती कोणत्या आणि बिनलढवय्या कोणत्या, यासंबंधीं एक तर्कट इंग्रज सेनाधिकाऱ्यांत रूढ झालें होतें; १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचा सरसेनापति असलेला लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. पलटणी जातवार करूं लागल्यावर महार सुभेदाराच्या हाताखालीं इतरांनीं राहावें कीं नाहीं हाहि प्रश्न निघाला. त्यावर सोपा उपाय म्हणून १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद करण्यांत आली. ज्यांच्या बापआजांनीं तीन पिढ्या बंदूक धरली त्यांना ते लढवय्ये नाहींत असें सांगणें हा कृतघ्नपणा होता. याला दुसरा सौम्य शब्द नाहीं.

पेट्यांतल्या डगल्यांना तेव्हांपासून निराळा अर्थ आला. तोंवर ती बापाची आठवण होती आणि मुलगा स्वतःचा नवा डगला मिळवीत असे. आतां मुलाला डगला मिळणार नव्हता, म्हणून बापाचा जुना डगला, पेन्शनचा कागद आणि पदक हा पुरावा झाला. वलंगकरांनीं १८९४ मध्यें लष्करी अधिकाऱ्यांसाठीं जो अर्ज लिहिला, त्याचें बळ या पुराव्यांत होतें: आम्ही होतों, लढलों, आमचे हुद्दे पाहा. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं विलायतेस भारतमंत्र्यांकडे पाठविलेला अर्जहि त्याच धाटणीचा. दरम्यान १८९५ मध्यें वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हां कांहीं सभासदांनीं त्यांच्या शेजारीं बसण्यास हरकत घेतली. सैन्यांतला हवालदार लोकल बोर्डाच्या खोलींत पुन्हां केवळ महार ठरला.

डगल्याची सत्ता कोठें संपते याचें आणखी एक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यांतील शाळेचे मुख्य शिक्षक होते. महूच्या छावणींत १४ एप्रिल १८९१ रोजीं बाबासाहेबांचा जन्म झाला. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर रामजी प्रथम दापोलीस आणि मग साताऱ्यास राहिले. १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यांत दुष्काळी तलावाच्या कामावर असतां त्यांनीं मुलांना सुटीसाठीं बोलाविलें. चौघे मुलगे मसूर स्टेशनावर उतरले. सुभेदाराच्या घरचीं मुलें तीं. अंगांत इंग्रजी पद्धतीचे नवे सदरे, डोक्यावर चकचकीत टोप्या, पायांत नवे बूट, नेसूं रेशीमकांठी धोतरें. न्यायला कोणी आलें नाहीं म्हणून स्टेशनमास्तरानें मायेनें विचारपूस केली. पोषाखावरून तीं ब्राह्मणाचीं मुलें वाटलीं होतीं. आपण महार आहोंत असें मुलांनीं सांगतांच तो तेथून निघून गेला. पुढें गाडीवानहि मिळेना. शेवटीं दुप्पट भाडें घेऊन एकजण कबूल झाला, तेंहि गाडी मुलांनीं हांकावी आणि त्यानें बाजूनें चालावें या अटीवर. सुभेदारानें छावणींत शिकलेला नीटनेटकेपणा मुलांच्या अंगावर घातला होता. तो फलाटावर तासभर टिकला.

तरी त्या पोषाखाची शिकवण वायां गेली नाहीं. १९२७ च्या मार्चमध्यें महाडला परिषद भरली आणि चवदार तळ्याचें पाणी घेतलें गेलें, तेव्हां जमलेल्यांत पलटणवाले पेन्शनर होते. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले असतां उलट हात उगारण्याची ताकद त्यांच्यांत पुरेपूर होती; बाबासाहेबांनीं त्यांना आवरलें, आणि हुकूम मानण्याची संवय असलेले ते लोक आवरले. त्याच परिषदेंतील भाषणांत बाबासाहेबांनीं सैन्यभरती बंद झाल्यानें समाजाचें किती नुकसान झालें हें सांगितलें होतें. वर्षअखेर पुन्हां महाडास सभा झाली, तेव्हां त्यांनीं स्त्रियांना लुगडें इतर स्त्रियांप्रमाणें नेसा, जातीची खूण पटविणारे जडशीळ दागिने टाका, असा उपदेश केला. कपड्यावरून माणसाची किंमत करणाऱ्या समाजांत हा उपदेश वरवरचा नव्हता. सुभेदाराच्या मुलास त्याचें मर्म मसूरच्या फलाटापासून ठाऊक होतें.

पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडलीं तेव्हां सरकारला महारांची आठवण झाली. १९१७ मध्यें '१११ वी महार' पलटण उभी केली आणि १९२१ मध्यें ती मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धांत बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असतां ऑक्टोबर १९४१ मध्यें बेळगांवास महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजहि भारतीय सैन्यांत आहे. तिच्या टोपीच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवच्या स्तंभाचें चित्र होतें.

आजच्या पेटींतला डगला बहुधा गडद हिरवा असतो. १५ जानेवारी २०२२ रोजीं सैन्यानें लढाईच्या पोषाखाचा नवा ठिपकेदार नमुना जाहीर केला, त्यामुळें तोहि जुना होत चालला आहे. तो घरांत ठेवण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. परंतु सैनिक नसतां सैनिक भासावें या हेतूनें तसा पोषाख घालणें गुन्हा आहे. हें पूर्वीं दंडसंहितेच्या १४० व्या कलमांत होतें. आतां भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमांत आहे, आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जानेवारी २०१६ मध्यें पठाणकोटच्या विमानतळावर हल्ला करणारे सैनिकी कपड्यांत आले होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे कायदा कडक कां, हें कळतें.

उपनगरांतील माजी सैनिकास त्याची जाणीव रोज होते. अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांच्या फाटकावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांत पलटणींतून आलेले पुष्कळ असतात. २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्यानेंच अशांना प्राधान्य देण्यास मुभा दिली आहे. पण त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें पहारेकऱ्यानें सैन्याचा किंवा सैन्यासारखा दिसणारा पोषाख घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. म्हणून ज्यानें सीमेवर खरा डगला घातला, तो फाटकावर एजन्सीचा आकाशी सदरा घालतो. नियम योग्य आहे. तो पाळण्यास किती सोसावें लागतें हें मात्र फाटकांतून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या लक्षांत क्वचितच येतें.

पदकांना हें बंधन नाहीं. समारंभाच्या दिवशीं निवृत्त सैनिकानें तीं साध्या कोटावर डाव्या बाजूस लावावींत, आणि त्याच्या मागें पत्नीनें किंवा मुलानें उजव्या बाजूस लावावींत, असा प्रघात आहे. डगल्यावर बहुधा नांव सांपडत नाहीं. बटणांवर पलटणीचें चिन्ह तेवढें असतें. पदकाच्या कडेवर मात्र बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नांव आणि पलटण कोरलेली असते. पेटी उघडणाऱ्या नातवंडानें ती कड भिंगाखालीं धरून वाचावी आणि नंबर व पलटण कागदावर टिपून ठेवावी. पलटणींचे छापील इतिहास उपलब्ध आहेत, आणि त्या दोन खुणांवरून आजोबा कोणत्या सालीं कोणत्या मोर्च्यावर होते हें पुष्कळदां शोधून काढतां येतें.